चांगल्या डोळ्यातले चार बारीक चौकोन

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई नाशिकजवळच्या एका गावातल्या आहेत, वय ३४, घरची द्राक्षबाग. दोन वर्षांपूर्वी बोर्डो पेस्टसाठी (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) चुना भिजवताना तो उसळून त्यांच्या मिस्टरांच्या उजव्या डोळ्यात गेला. कुणीतरी सांगितलं म्हणून आधी डोळ्यात तूप घातलं, दवाखान्यात पोचायला तीन तास लागले. आता त्या डोळ्यावर लालसर पांढरा पडदा आलाय, उजेड आणि समोर हलवलेला हात एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, बुबुळाच्या कडेच्या स्टेम सेल जळाल्यात, चांगल्या डोळ्यातून छोटा तुकडा घेऊन इकडे लावावा लागेल, हे काम करणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलला जा. मिस्टर आणि सासूबाई म्हणतात, चांगल्या डोळ्याला हात लावायचा नाही. मिस्टरांना डायबिटीस पण आहे. त्यात मावसदीर एक पावडर विकतात, त्यात म्हणे 'आठ साखरा' आहेत ज्या पेशींच्या अंगावर असतात आणि त्या खाल्ल्या की झोपलेल्या स्टेम सेल जाग्या होतात. डबा ६,८०० रुपये, महिन्याला एक, सहा महिने घ्यायची. ताई विचारतात, पावडर घेऊन बघायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही ना? नाहीतर नेत्रदानातला डोळा मिळेपर्यंत थांबावं का?

तुला 'तू'च म्हणते, राग मानू नकोस. तीस वर्षं कॉलेजात बायोलॉजी शिकवलं त्यामुळे पत्र कुणाचंही असो, लिहिणारं माणूस मला पहिल्या बाकावर बसलेलंच दिसतं. मी डॉक्टर नाही हेही आधीच सांगून टाकते, डोळ्यात काय करायचं ते डोळा तपासणाराच सांगणार. मी फक्त तुझ्या पत्रातल्या दोनतीन वाक्यांपाशी जरा थांबणार आहे, कारण निर्णय त्या वाक्यांवर टेकून उभा राहिलाय आणि ती वाक्यं मला डळमळीत वाटतात.

आधी एक काम कर. दुपारी मिस्टरांना खिडकीपाशी उजेडात बसव आणि त्यांच्या चांगल्या डोळ्याकडे नीट बघ. तपकिरी भाग संपतो आणि पांढरा सुरू होतो तिथे एक धूसर काळपट किनार दिसेल, लुगड्याच्या काठासारखी. आपल्या सावळ्या लोकांत ती जास्त उठून दिसते. त्या किनारीला लिंबस म्हणतात, आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातलं जे जळालंय ते हेच.

तुझ्याच शेतातलं उदाहरण देते. कांदा लावायचा तर आधी एका कोपऱ्यात रोप टाकता ना तुम्ही, आणि मग तिथून उपटून सगळ्या वावरात लागवड. बुबुळाचं तसंच आहे. पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, तिच्यावर पाच ते सात थरांची पातळ साल, आणि ती साल आपण दिवसभर पापण्या मिटतो उघडतो त्यात झिजत राहते, साधारण आठवड्या-दीड आठवड्यात सगळी नवी होते. नवी रोपं येतात कुठून, तर त्या किनारीतल्या वाफ्यातून, म्हणजे तिथल्या स्टेम सेलपासून, कडेकडून मध्याकडे सरकत. हा वाफा चुन्याने जळाला की वावर उघडं पडतं, आणि उघड्या वावरात काय होतं ते तुला मी सांगायला नको, बांधावरची हराळी आत शिरते. डोळ्यात बांध म्हणजे पांढऱ्या भागावरची त्वचा, तिच्यात रक्तवाहिन्या असतात, ती सरकत सरकत बुबुळावर चढते. तुला दिसतोय तो लालसर पांढरा पडदा म्हणजे ती हराळी.

आता तुझ्या नेत्रदानाच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं याच्यातच आलं. दात्याचा कॉर्निया बसवणं म्हणजे वावरात नवी माती आणून टाकणं. त्या कॉर्नियावर दात्याची साल असते खरी, पण ती काही दिवसांची पाहुणी, झिजली की तिच्या जागी पेशंटच्या स्वतःच्या वाफ्यातूनच नवी यावी लागते. वाफाच नसेल तर नव्या मातीतही हराळीच. म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला सरळ यादीत नाव घालून थांबा असं सांगितलं नाही. आधी स्टेम सेल, आणि त्यानंतरही आतल्या थरात डाग उरलाच तर मग कॉर्निया, असा क्रम बहुतेक वेळा असतो. दोन्ही डोळे जळालेले असले तर दात्याची किंवा नातेवाईकाची लिंबस लावतात, पण ती परकी असल्यामुळे शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बराच काळ घ्यावी लागतात, आणि डायबिटीसवाल्या माणसाला ती झेपवणं सोपं नाही. तुझ्या मिस्टरांकडे दुसरा डोळा धड आहे, म्हणजे त्यांच्याच रक्तामांसाचं रोप घरात आहे. ही नशिबाची बाजू आहे आणि घरात तिलाच सगळे घाबरलेत.

घाबरणं चुकीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही हं. एकच डोळा उरलेला माणूस त्या डोळ्याला जपणारच, आणि सासूबाईंनी मुलाला तीन तास तळमळताना बघितलंय. पण डॉक्टर 'तुकडा' म्हणाले तेव्हा यांच्या डोळ्यासमोर काय आलं असेल? मला वाटतं भाकरीचा तुकडा आला असेल. तेव्हा माप सांगते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी पद्धत बसवली, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली, तिला थोडक्यात स्लेट म्हणतात. तिच्यात चांगल्या डोळ्याच्या लिंबसमधून २ मिलिमीटर बाय २ मिलिमीटर एवढा पापुद्रा घेतात. शाळेच्या वहीतला ग्राफ पेपर काढ, त्यातले बारीक चौकोन १ मिलिमीटरचे असतात, त्यातल्या चार चौकोनांना पेन्सिलने रंगव आणि मिस्टरांसमोर ठेव. बुबुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास म्हणजे किनारीचा घेर साधारण ३६ मिलिमीटर, त्यातले २ जातात, बाकीचा वाफा तिथेच राहतो.

पुढे काय करतात तेही सांगते, कारण ऐकल्यावर भीती जरा उतरते असा माझा अनुभव आहे. आजारी डोळ्यावरची हराळी खरवडून काढतात, त्यावर बाळंतपणात मिळणाऱ्या बाळाच्या पिशवीचा पातळ पडदा पसरतात, त्या चार चौकोनांचे आठदहा बारीक कण करून ते पडद्यावर फायब्रिनच्या गोंदाने चिकटवतात, वरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. मग रोपं फुटावीत तशा त्या कणांपासून पेशी पसरतात आणि सगळं ठीक असेल तर दोन-तीन आठवड्यांत बुबुळावर साल येते. याच्या आधी, १९८९ पासूनच्या पद्धतीत चांगल्या डोळ्याची बरीच मोठी किनार काढायचे, कधीकधी निम्म्या घेरापर्यंत, त्यामुळे 'चांगला डोळा धोक्यात' ही भीती त्या काळात खोटी नव्हती, ती अजून लोकांच्या तोंडी फिरते एवढंच. मग १९९७ मध्ये इटलीतल्या लोकांनी छोटासा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत वाढवून लावून दाखवला, पण त्याला खास लॅब लागते आणि खर्चही तसाच. स्लेटमध्ये लॅब नाही, पेशी थेट डोळ्यातच वाढतात.

यश किती? २०१६ मध्ये एका डोळ्याला भाजलेल्या १२५ जणांचा अहवाल आला, त्यात ७६ टक्के डोळ्यांचा पृष्ठभाग सुधारून टिकला. चारातले तीन. म्हणजे चारातला एक नाही टिकला, हे मी लपवणार नाही आणि तुझे डॉक्टरही लपवू नयेत. आणि पृष्ठभाग टिकला म्हणजे लगेच पेपर वाचता येईल असंही नाही, नजर किती येईल ते आतले थर, डोळ्याच्या मागचा पडदा, नस यांच्यावर ठरतं.

आता पावडर. तुझं वाक्य 'नुकसान तर नाही ना'. मला यातला विज्ञानाचा भागच आधी सांगू दे कारण मावसदीर जे बोलतात त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच ते पटतं.

प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरांच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात हे अगदी खरं. चहातली साखर डोक्यातून काढून टाक, इथे ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, सियालिक ॲसिड अशी मंडळी आहेत, आणि त्यांचे तुकडे जोडून पेशी स्वतःच्या दारावर पाटी लावते. मी कोण, कुणाला चिकटायचं, कुणाला आत घ्यायचं, सगळा व्यवहार त्या पाटीवर चालतो. तुला रोजच्या ओळखीतलं उदाहरण म्हणजे रक्तगट. ए आणि बी यांच्यात फरक काय तर लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एकच साखर वेगळी. बीवाल्याच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं, ओवाल्याची साखळी त्याच्या एक घर आधीच संपते.

आता विचार कर, गॅलॅक्टोज तर दुधात असतं. दुधातली साखर पचली की निम्मं गॅलॅक्टोजच मिळतं. मग लहानपणापासून दूध पिऊन एखाद्या ओवाल्याचा रक्तगट बी झाल्याचं कधी ऐकलंस?

नाही ना. कारण साखर पोटात गेली म्हणून पाटीवर चढत नाही. पाटी रंगवायला पेशीच्या आत कारागीर लागतात, एन्झाइम, आणि कुठला कारागीर आहे कुठला नाही ते जीन्स ठरवतात. आपल्या मुंबईचंच उदाहरण घे, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट शोधला, बॉम्बे ब्लड ग्रुप. या लोकांच्या साखळीवर फ्युकोज बसवणारा कारागीरच नसतो, त्यामुळे त्यांना साधं ओ रक्तसुद्धा चालत नाही. आणि बघ, फ्युकोज तुमच्या पावडरीतल्या आठांत हमखास असतं. वाटीभर खाल्लं तरी बॉम्बेवाल्याचा गट बदलणार नाही. उलट कारागीर असेल तर या आठातल्या लागतील त्या साखरा पेशी बहुतेक साध्या ग्लुकोजपासून स्वतःच बनवते, तुमच्या बाजरीच्या भाकरीतून मिळणाऱ्या. (जन्मतः एखादा कारागीर बिघडलेले काही फार दुर्मिळ आजार आहेत आणि त्यातल्या एकात डॉक्टर खरंच मॅनोज देतात, पण तो आजार वेगळा, तपासणी वेगळी. चुना डोळ्यात गेलेल्या माणसाचे कारागीर शाबूत आहेत, त्याचा वाफा जळालाय.)

आणि साखर जास्त म्हणजे स्टेम सेल जास्त, हे तर उलटंच पडतं. संशोधक लिंबसमधल्या स्टेम सेल बाकीच्या पेशींतून वेगळ्या काढायला खरोखर या साखरेच्या पाट्या वापरून बघतात. एसएसईए-४ नावाची एक पाटी आहे, २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की माणसाच्या लिंबसमधल्या ज्या पेशींवर ती पाटी नव्हती त्यांच्यातच स्टेम सेलचे गुण जास्त होते. मला हे वाचून मजा वाटली होती, ओळखीची खूण म्हणजे पाटी नसणं. थोडक्यात पाटीवरून ओळख पटते, पाटी खाऊन पेशी जन्माला येत नाही. आणि 'झोपलेल्या जाग्या होतात' याला तर काही अर्थच नाही गं, उजव्या डोळ्यातल्या झोपलेल्या नाहीत, गेलेल्या आहेत. थोड्याफार शिल्लक असतील तर ते मशिनवर तपासणारा डॉक्टर सांगेल, आणि त्यावर उपचार पण बदलतो, म्हणून तो प्रश्न नक्की विचार.

हां, साखरेचा डोळ्याला उपयोगच नाही असं मात्र समजू नकोस. मिस्टर डोळ्यात जे ओलाव्याचे थेंब घालतात त्या बाटलीवर सोडियम हायलुरोनेट लिहिलंय का बघ. असलं तर ती पण साखरेचीच लांबलचक साखळी आहे, पाणी धरून ठेवते म्हणून टोचणं कमी होतं. घरात दुकानात मिळणारी खरी उपयोगाची साखर ती, आणि तीसुद्धा ओलावा देते, वाफा परत आणत नाही.

नुकसानीचं म्हणशील तर मला तीन दिसतात. पैसे, सहा महिन्यांचे ४०,८००, आणि एवढ्यात मोठ्या हॉस्पिटलच्या दोनतीन वाऱ्या, राहणं, तपासण्या होतात. दुसरं डायबिटीस. साखरांची पावडर रोज चमचाभर डायबिटीसवाल्याला देताना डब्यावर कार्बोहायड्रेट किती लिहिलंय ते तरी कुणी वाचलं का? मिस्टरांची एचबीए१सी कधी केली होती? तो रिपोर्ट म्हणजे रक्तातल्या जास्तीच्या साखरेने हिमोग्लोबिनला किती चिकटून घेतलंय त्याचा दोनतीन महिन्यांचा हिशोब, इथे कारागीर वगैरे कोणी नसतो, साखर वाटेल तिथे चिकटत सुटते. डायबिटीस सुटलेला असला की बुबुळाच्या नसा मंदावतात आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणजे ऑपरेशन करायचं ठरलं तरी आणि नाही ठरलं तरी शुगर आटोक्यात आणणं हेच सगळ्यात आधीचं काम. तिसरं नुकसान वेळेचं. खरं सांगायचं तर जुन्या, शांत झालेल्या डोळ्यावर सहा महिन्यांनी ऑपरेशन झालं तर आभाळ कोसळत नाही, डॉक्टरही सूज बसेपर्यंत थांबतात. पण चुन्यासारख्या अल्कलीने भाजलेल्या डोळ्यात आतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, तो बहुतेक वेळा दुखत नाही, कळत नाही आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांत डोळ्याचं प्रेशर किती वेळा मोजलं हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. पावडरच्या भरवशावर तपासणी लांबली तर नुकसान हे.

मावसदिरांना तोडून बोलू नकोस, तेही कुणाच्या तरी विक्रीच्या साखळीत अडकलेत, त्यांनी डबे स्वतःच्या पैशाने भरून ठेवले असतील. त्यांना फक्त म्हण, भाऊजी, डबा द्या जरा, वाचते. आणि दोन गोष्टी शोध. असल्या सप्लिमेंटवर आपल्याकडे 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापावी लागते, इंग्रजीत असेल, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात. ती त्यांनाच मोठ्याने वाचायला सांग. दुसरं, अंधत्व, डायबिटीस असले आजार बरे करतो अशी औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणूनच डोळ्याचा दावा डब्यावर छापलेला सापडणार नाही, तो व्हॉट्सॲपवर आणि चहाच्या कपावरच असतो. एवढं झालं की विषय आपोआप कांद्याच्या भावाकडे वळतो, बघ.

असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या बाकीच्यांसाठीही एक सांगते. पावडरनंतरचा पुढचा माणूस इंजेक्शनवाला असतो, पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल काढून डोळ्यात सोडतो म्हणणारा. अमेरिकेत तीन बायकांनी असली इंजेक्शनं पैसे भरून दोन्ही डोळ्यांत घेतली आणि नजर गमावली, २०१७ मध्ये त्यांच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. चरबीतली पेशी बुबुळाची साल करत नाही. स्टेम सेल हा एकच शब्द असला तरी रोप कांद्याचं की वांग्याचं ते बघावंच लागतं.

आता मिस्टरांचं. तू लिहिलंयस 'ते ऐकत नाहीत'. पण डॉक्टरांशी ते स्वतः बोललेत का, की तू आणि दीर आत गेलात आणि ते बाहेर बाकावर बसले? पुढच्या वेळी त्यांनाच समोर बसव आणि त्यांच्याच तोंडून विचारू दे, माझ्या चांगल्या डोळ्यातून नेमकं किती मिलिमीटर घेणार, त्या डोळ्याला काय होऊ शकतं, तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत, त्यांचे चांगले डोळे आज कसे आहेत, नाही जमलं तर परत करता येतं का. आणि मागच्या पडद्याची आणि नसेची अवस्था सोनोग्राफीवर कशी दिसते, कारण आतलीच नस गेलेली असेल तर चांगल्या डोळ्याला हात लावण्यात खरंच अर्थ नाही आणि मग मिस्टरांचं म्हणणं बरोबर ठरेल. हे सगळं ऐकून ते नाही म्हणाले तर नाही. डोळा त्यांचा आहे. तेव्हा तू बाजूला झालीस तरी चालेल, पण प्रेशरची तपासणी आणि शुगर या दोन गोष्टी सोडू नकोस. खर्चाचं सरकारी योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ऑपरेशन ठरायच्या आधीच विचार.

आणि तुपाचं मनाला लावून घेऊ नकोस, माझ्या आईनेही तेच घातलं असतं. चुना पाण्यात तापतो म्हणून लोक डोळ्यात पाणी घालायला घाबरतात, पण चुना डोळ्यात राहिला की जाळत आत आत जातो, त्याला भरपूर पाण्याने धुऊन काढणं हाच इलाज. खडे दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढायचे, पापणी उलटून वरची खाच पण धुवायची, घड्याळ लावून अर्धा तास, आणि मग दवाखाना, वाटेतही बाटलीने पाणी चालू ठेवायचं. तूप, मध, गुलाबपाणी काही नाही. ऑक्टोबर छाटणी आली की तुमच्याकडे पेस्टिंग सुरू होईल, काडीवर कोंब फुटायला लावतात ते हायड्रोजन सायनामाइडही डोळ्याला वाईट. तेव्हा चुन्याच्या ड्रमशेजारी वीस लिटरचा स्वच्छ पाण्याचा कॅन आणि खिळ्याला अडकवलेले बाजूने बंद असलेले गॉगल, माणसं जेवढी तेवढे, मजुरांचे धरून. सासऱ्यांची तंबाखूची चुन्याची पुडी पण वर फडताळात ठेव, लहान मुलं ती दाबून बघतात आणि ती फुटते थेट तोंडावर.